नवीन घरी आल्यापासून लेक झोपत नाही, मदत हवी आहे

वैशाखी_११
कृपया लवकर सांगा. महिना होऊन गेला, नवीन घरी आल्यापासून लेक रात्री झोपत नाही. कशीबशी अकराला झोपते, दीडला उठून बसते, रडते आणि "घरी जाऊया" म्हणते. अगं हेच आपलं घर, म्हटलं की आणखी रडते. शाळेतही गप्प असते असं बाईंनी सांगितलं. तिच्यासाठी स्वतंत्र खोली केली, घरमालकांना विचारून भिंतीला तिच्या आवडीचा रंग दिला, नवा पलंग आणला. नवऱ्याची रात्रपाळी, मला सकाळी ६.४० ची गाडी. दोघींची झोप होत नाही. ज्यांनी यातून मूल बाहेर काढलंय त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. "होईल सवय" हे सगळ्यांनी सांगून झालंय.

तन्मयचीआई
वय किती? कुठून कुठे आलात?

पश्चिमघाट
शाळा पण बदलली का? माध्यम तेच आहे?

दत्तात्रय_क
वास्तुशांत केली होती का? भाड्याचं घर असेल तर निदान उदकशांत करून घ्या. आमच्या पुतण्याला असाच त्रास होता, आठ दिवसांत थांबला. खर्चही फार नाही.

वैशाखी_११
साडेसहा वर्षं. पहिलीत. गिरगावातल्या चाळीतून नवी मुंबईत उलव्याला आलोय. चाळ पुनर्विकासाला गेली, बिल्डर भाडं देतो. शाळा दिवाळीनंतर बदलली, मराठी माध्यमच.

हक्काचीखोली
चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत, होती का? पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली असेल तर भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार रजिस्टर झालाय ना? त्यात मजला आणि चटईक्षेत्र स्पष्ट लिहून घ्या. नुसत्या भाड्याच्या चेकवर विसंबून घर खाली करू नका. आमच्या इमारतीत दीड वर्षानंतर चेक बंद झाले, तेव्हा हातात रजिस्टर झालेला कागद होता म्हणून निभावलं.

वैशाखी_११
करार झालाय. प्रश्न मुलीचा आहे.

शाळामास्तर
वर्षाच्या मध्ये शाळा बदललीत म्हणून सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. मूल दुसरीकडे राहायला गेलं तर जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेला दाखला आला नाही या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. कोणी अडवत असेल तर लेखी अर्ज करून पोच घ्या.

वैशाखी_११
दाखला मिळालाय, प्रवेश झालाय. सर, धन्यवाद, पण मुलगी झोपत नाही हो.

बदलीवाला
वडील वीज मंडळात होते. दहावीपर्यंत माझ्या सात शाळा झाल्या. दर वेळी ट्रकमध्ये सामान आणि पुढे आम्ही. आईने कधी लाड केले नाहीत, आम्हाला काही झालंही नाही. आपण घाबरलो की मुलं घाबरतात. आठवडाभर रडू द्या, आपोआप झोपेल.

निळीछत्री
बदलीवाला, माझे वडील बँकेत होते, माझ्या पाच शाळा झाल्या. "काही झालं नाही" असं माझी आईही सगळ्यांना सांगते. आज मी ४४ वर्षांची आहे आणि लहानपणापासून ओळखणारी एकही मैत्रीण मला नाही. परभणी सोडताना समोरच्या घरातल्या मुलीला मी सांगितलंसुद्धा नव्हतं, कारण मलाच आदल्या रात्री कळलं. आम्ही विचारत नव्हतो म्हणजे आम्हाला वाटत नव्हतं असं नाही.

बदलीवाला
तुमच्या अनुभवाबद्दल वाईट वाटलं. पण आम्ही निदान एकत्र होतो. घर बदललं तरी माणसं तीच असायची, एवढंच म्हणायचं होतं.

म्युनिकमधून
आम्ही २०१९ मध्ये पुण्याहून इथे आलो तेव्हा मुलगा पाच वर्षांचा. त्याची एक पेटी त्यालाच भरायला दिली होती आणि इथे पोचल्यावर सगळ्यात आधी ती उघडली. जुनी गोधडी न धुता आणली, त्या वासावर तो झोपायचा. सामान बांधताना मुलांना सोबत घ्या, याच्यासारखा उपाय नाही.

वैशाखी_११
सामान बांधलं तेव्हा ती नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत तिला मामाकडे चिपळूणला ठेवलं आणि आम्ही शिफ्टिंग केलं. तिला ते बघायला नको, रडारड नको, म्हणून. ती थेट इकडेच आली.

निळीछत्री
म्हणजे तिने जुनं घर रिकामं झालेलं पाहिलंच नाही? तिच्या मनात ते अजून तसंच आहे हो. गॅलरी, शेजारी, सगळं. रात्री ती तिथेच जाऊया म्हणतेय. चाळ पाडली का?

वैशाखी_११
नाही, पत्रे ठोकलेत. पुढच्या महिन्यात पाडायला घेणार आहेत असं ऐकलं.

निळीछत्री
मग या रविवारी घेऊन जा. पाडल्यावर दाखवायला काही उरणार नाही.

तन्मयचीआई
मी याच्या विरोधात आहे. आम्ही दादरचं घर सोडल्यावर मुलाला बघायला नेलं होतं. ठाण्यापर्यंत गाडीत रडला, पुढचे दोन दिवस जेवला नाही. भरत आलेलं पुन्हा उकरू नका. कराटेला घाला, दमून झोपेल. आम्ही तेच केलं.

निळीछत्री
दोन दिवस जेवला नाही. आणि तिसऱ्या दिवशी?

तन्मयचीआई
तिसऱ्या दिवशी जेवला. पण ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत.

सिस्टरताई
मी बालरोग वॉर्डात २२ वर्षं परिचारिका होते. वैशाखी, काही गोष्टी विचारते, मोकळेपणाने सांग. दीडला उठते तेव्हा अंथरूण ओलं असतं का? आणि जुन्या घरी ती कुणाजवळ झोपायची?

वैशाखी_११
हो, ओलं असतं. लिहायला संकोच वाटला. तिकडे कधी नव्हतं, म्हणून जास्त काळजी वाटते. सासूबाईंजवळ झोपायची, अगदी तान्ही असल्यापासून. सासूबाई सध्या गावी राजापूरला गेल्यात.

सिस्टरताई
आजी रात्री तिला उठवायच्या का?

वैशाखी_११
हो. संडास मजल्याच्या टोकाला होता, त्या दीड-दोनला तिला धरून न्यायच्या. आल्यावर थोपटत रामरक्षा म्हणायच्या, ती भीमरूपीपर्यंत कधी पोचलीच नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं का?

सिस्टरताई
अगं, तेच तर सगळं आहे. तिची लघवी रात्री थांबत नव्हती, आजी उठवायची म्हणून अंथरूण कोरडं राहायचं. या वयात हे खूप मुलांना होतं आणि तिचा त्यात काही दोष नाही. आता दीड वाजतो, तिला जाग येते, शेजारी कुणी नाही, अंथरूण ओलं, खोली अंधारी आणि परकी. साडेसहा वर्षं जे मूल कुणाच्या तरी कुशीत झोपलं त्याला स्वतंत्र खोली नको असते. ती तुमची हौस होती, आणि ती चुकीची नाही, पण आत्ता तिचा पलंग तुझ्या खोलीत आण.

तरी आधी डॉक्टरांना दाखव. लघवीची तपासणी करून घे, जंतुसंसर्ग आणि साखर दोन्ही बघतील. पोट साफ होतं का ते सांग. नवीन शाळेतल्या संडासात मुलं जात नाहीत, दिवसभर धरून ठेवतात, त्याने बद्धकोष्ठता होते आणि रात्रीचा त्रास वाढतो. पाणी कमी करू नकोस. दिवसा भरपूर दे, फक्त झोपायच्या आधीचा तास-दीड तास टाळ. ओलं झालं तर एक शब्द बोलायचा नाही. चादर बदलायची, झोपायचं. आजीशी रोज रात्री फोन होतो का?

वैशाखी_११
नाही. फोन केला की तिला रडू येतं म्हणून आम्ही टाळतोय.

बदलीवाला
वैशाखीताई, मी वर आठवडाभर रडू द्या असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. माणसं तीच असायची म्हणालो ना, त्यात माझी आजीही होती. सातही घरांत.

दत्तात्रय_क
सासूबाई गावी का गेल्या? भांडण वगैरे?

पश्चिमघाट
हा प्रश्न धाग्यावर विचारायचा नसतो.

दत्तात्रय_क
मुलीच्या झोपेशी संबंध आहे म्हणून विचारलं. दुसरा काही हेतू नव्हता.

वैशाखी_११
भांडण नाही. त्या म्हणाल्या, मला तिकडे करमणार नाही, चाळ बांधून झाली की येते. आम्ही तेच खरं धरलं.

*(नऊ दिवसांनी)*

वैशाखी_११
सगळ्यांना सांगायचं राहिलं. लघवीची तपासणी नीट आली. पोट साफ होत नव्हतं, शाळेत ती खरंच जात नव्हती. बाईंशी बोलले, आता मधल्या सुट्टीत मावशी सोबत जातात. पलंग आमच्या खोलीत आणला. पहिल्या रात्री चार वेळा हात लावून बघितला तिने मला.

रविवारी गिरगावात गेलो. खारकोपरहून नेरूळ, तिथून सीएसएमटी. मला फार भीती वाटत होती. वॉचमनने पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंतच सोडलं. गॅलरीचे लाकडी कठडे काढून नेलेत. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, इथे आता कुणी पडेल ना." मग विचारलं, सगळे कुठे गेले? एकेका खोलीचं सांगितलं. कुलकर्णी काका बोरिवलीला, माई काकू मुलाकडे नाशिकला. "आणि आपण उलव्याला," असं तीच म्हणाली. खाली आल्यावर रडली, खूप रडली. मीही रडले. येताना गाडीत झोपली, ती नेरूळलाही उठली नाही.

तन्मयचीआई, दोन दिवस खरंच जेवण कमी होतं. तुम्ही लिहिलं होतंत म्हणून मी घाबरले नाही.

आता रोज नऊला राजापूरला व्हिडिओ कॉल होतो. रामरक्षा तिथून चालते. परवा लेकीने विचारलं, आजी, तू का येत नाहीस? तेव्हा सासूबाई नातीला म्हणाल्या, "मला त्या लिफ्टची भीती वाटते गं. एकदा आत दिवे गेले होते." आम्हाला दोघांना हे माहीतच नव्हतं. घर बघायला आल्या होत्या तेव्हा झालं असणार. आमचा मजला अकरावा.

त्यांना आणायचं ठरलंय. ७२ वर्षांच्या माणसाची लिफ्टची भीती कशी घालवायची? कोणाला अनुभव असेल तर सांगा, पुढच्या शनिवारी आणायला जातोय.

सिस्टरताई
फार बरं वाटलं वाचून. त्या एकट्या ये-जा करणार की कुणी सोबत असेल? गुडघे कसे आहेत? आणि लिफ्टला जनरेटर आहे का ते आधी सोसायटीत विचार.

हक्काचीखोली
बॅटरी बॅकअपही विचारा. लाइट गेली की त्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडतं. त्यांना ते एकदा प्रत्यक्ष दाखवा.

वैशाखी_११
गुडघे ठीक आहेत. चाळीचे तीन मजले रोज दोनदा चढायच्या. जनरेटरचं उद्या विचारून लिहिते.