मदत हवी आहे: तोट्यातील इंटेलचे पुस्तकी मूल्य कसे वाचावे?

चिप बनवणाऱ्या इंटेलचा 2024चा वार्षिक अहवाल मी ताळेबंदापासून रोकड प्रवाहापर्यंत वाचला आहे, तरी एका ठिकाणी गाडी अडते. महसूल सुमारे 53.1 अब्ज डॉलर आणि निव्वळ तोटा 18.8 अब्ज डॉलर असल्यामुळे पी/ई गुणोत्तर (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा) येथे निरुपयोगी ठरते. चालू गुणोत्तर (वर्षभरात रोकड होऊ शकणारी मालमत्ता भागिले वर्षभरात द्यायची देणी) 1.3च्या आसपास आहे, म्हणजे तातडीची देणी भागतील. मात्र कामकाजातून आलेली रोकड 8.3 अब्ज आणि कारखाने-यंत्रसामग्रीवरचा खर्च तिच्या जवळजवळ तिप्पट, हे पाहिल्यावर त्या दिलाशात फारसा दम वाटत नाही.

वर्षअखेरीस शेअरचा भाव 20 डॉलर आणि प्रतिशेअर पुस्तकी मूल्य (ताळेबंदातील मालमत्ता वजा देणी, प्रत्येक शेअरमागे) सुमारे 23 डॉलर होते, म्हणजे कागदावर शेअर स्वस्त. परंतु त्या मूल्यात गुडविल (कंपन्या विकत घेताना त्यांच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम) आहे आणि उत्पादन सुरू न झालेले कारखानेही आहेत. स्पर्धक चिप कंपनी एएमडीशी तुलना करून पाहिली. एएमडीचे स्वतःचे कारखानेच नसल्याने ती तुलना जुळत नाही.

शेअर घ्यावा की विकावा, हा सल्ला नको. गुडविल वजा केल्यावर बांधकामाधीन मालमत्तेलाही कात्री लावावी का, आणि लावायची तर ती किती, हे अहवालातील कोणत्या आकड्यावरून ठरवावे?