मदत हवी आहे: मेज-ए३ दाबलं तरी पेशी वाढतातच, मग हे प्रथिन कर्करोगात करतं तरी काय?

निळीशाई
गाईडसमोर लवकरच निकाल मांडायचेत, म्हणून कृपया थेट उत्तर द्या. प्रबंधात एक प्रकरण मेज-ए३ या ट्यूमर अँटिजेनवर (गाठीतलं, रोगप्रतिकारशक्तीला ओळखू येणारं प्रथिन) आहे. वाचावं तिथे हेच, की हे प्रथिन असलेल्या गाठी जास्त आक्रमक. मी एसआयआरएनए (जनुकाचा संदेशवाहक आरएनए नष्ट करणारे छोटे तुकडे) वापरून जनुक दाबलं, आरएनए मोजणाऱ्या पीसीआरमध्ये पातळी छान उतरली, पण वाढीवर ढिम्म परिणाम नाही. पी५३ (पेशींची वाढ रोखणारं प्रथिन) वाढायला हवं होतं, तेही नाही. हे प्रथिन कर्करोग पुढे नेतं की नुसतं सोबत असतं? मिथाइलेशनचं (डीएनएवरच्या रासायनिक खुणांनी जनुक चालू-बंद होणं) वाचलंय, ते परत सांगू नका.

पेशीवाला
कोणत्या पेशी? पीसीआरने आरएनए कळला, प्रथिन उतरलं का? किती तासांनी पाहिलंत?

जुनं_खोड
माझं मत स्पष्ट आहे, नुसतं सोबत असतं. १९९१ मध्ये ब्रसेल्सला थिएरी बून यांच्या गटाने मेलानोमाच्या रुग्णाच्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) वापरून त्याच कुटुंबातलं मेज-ए१ शोधलं, तेव्हा टी-पेशींना दिसणारी खूण म्हणूनच शोधलं होतं. एरवी ते वृषणात असतं. फुप्फुसाच्या कर्करोगात मेज-ए३ ची लस २,२७२ रुग्णांवर तपासली, २०१४ मध्ये चाचणी थांबवावी लागली. प्रथिन इतकं कळीचं असतं तर लस अशी आपटली असती का?

मेघना_ब
खोडकाका, हे पटलं नाही. लस फसली यावरून एवढंच कळतं की तिने जागवलेला प्रतिकार पुरला नाही. प्रथिन पेशीच्या आत काय करतं हा प्रश्न त्या चाचणीत नव्हताच. रोगप्रतिकारशक्तीला दिसणं वेगळं आणि पेशीला उपयोगी पडणं वेगळं.

पहाटवारा
माफ करा, मध्येच विचारतो. काकांच्या रक्तात सीईए (कर्करोगात वाढू शकणारं एक प्रथिन) थोडं वाढलंय. तेही ट्यूमर अँटिजेनच ना? म्हणजे कर्करोगच का? फार काळजी वाटतेय.

मेघना_ब
पहाटवारा, नुसत्या त्या आकड्यावरून निदान होत नाही. धूम्रपानाने, यकृताच्या किंवा आतड्याच्या दाहानेही सीईए वाढतं. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, आणि नवा धागा काढा म्हणजे जाणकार नीट उत्तर देतील.

निळीशाई
हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या), ४८ तास. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन तपासायची चाचणी) केलं नाही, कारण त्यातली अँटिबॉडी मेज-ए३ आणि त्याचं जुळं मेज-ए६ दोन्ही पकडते. आता तरी मूळ प्रश्नावर या ना.

पेशीवाला
हेला हे आधीच सांगायला हवं होतं, अर्धं उत्तर त्यातच आहे. मेज-ए३ एकटं काम करत नाही. ते ट्रिम२८ या प्रथिनाला चिकटतं आणि ट्रिम२८ पी५३ वर युबिक्विटिन (नष्ट करण्याची खूण) लावून त्याला नष्ट व्हायला पाठवतं. पण हेलामध्ये एचपीव्ही-१८ या विषाणूचं ई६ प्रथिन हेच काम आधीपासून करतंय. तुम्ही मेज काढलंत तरी ई६ पी५३ ला टिकू देणार नाही. पी५३ बघायचं असेल तर ते शाबूत असलेल्या पेशी घ्या, उदाहरणार्थ मेलानोमाच्या ए३७५. त्यात मेज-ए३ ही आहे.

ए३ आणि ए६ जवळजवळ सारखेच आहेत, तुमचा एसआयआरएनएही बहुधा दोन्ही दाबत असणार. मग दोन्ही पकडणारी अँटिबॉडी अडचणीची कशी? तीच वापरा. आरएनए उतरला तरी जुनं प्रथिन मागे उरलेलं असू शकतं, त्यामुळे ७२ तासांचाही ब्लॉट करा.

जुनं_खोड
क्रिस्परने (डीएनए कापण्याच्या तंत्राने) जनुक कायमचं काढून टाका, हे एसआयआरएनएचे खेळ कशाला?

पेशीवाला
काका, जुळ्या जनुकांतलं एकच काढलं तर दुसरं भरपाई करेल. आधी ब्लॉट होऊ दे.

मेघना_ब
दुसरी वाट एएमपीकेची, म्हणजे पेशीत ऊर्जा कमी पडली की जागणाऱ्या प्रथिनाची आहे. मेज-ए३/६ आणि ट्रिम२८ ही जोडी त्याच्या एएमपीके-अल्फा१ या भागालाही नष्ट करते, हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं. एएमपीके गेलं की एमटॉर या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनावरचा लगाम सुटतो, ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचे भाग पचवणं) मंदावते आणि उपासमारीतही पेशी वाढत राहते. तुमच्या माध्यमात (पेशी वाढवायच्या द्रवात) ग्लुकोज किती आहे? नेहमीचं ४.५ ग्रॅम प्रति लिटरवालं असेल तर एएमपीके तसंही शांत असणार, फरक दिसायचा कसा? उंदरांतही मेज-ए जनुकं काढल्यावर शुक्रपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी ताणात जास्त ढासळल्या, एरवी फारसं बिघडलं नाही. या प्रथिनाचं काम अडचणीच्या वेळी उघड होतं असं माझं ठाम मत आहे.

जुनं_खोड
मुद्दा मान्य, पण औषधाच्या दृष्टीने खूण म्हणूनच ते मोलाचं. आणि तिथेही जपून. मेज-ए३ ओळखायला घडवलेल्या टी-पेशी हृदयातल्या टायटिन या प्रथिनावर तुटून पडल्या, दोन रुग्ण दगावले. मेज-ए४ वरच्या टी-पेशींना मात्र २०२४ मध्ये अमेरिकेत सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली.

निळीशाई
माध्यम ४.५ वालंच आहे. म्हणजे ग्लुकोज कमी करू की सीरम (वाढीचे घटक देणारा रक्तातला द्रव)? की दोन्ही?

मेघना_ब
फक्त ग्लुकोज. सीरमही काढलंत तर वाढ कशामुळे थांबली ते सांगता येणार नाही. सोबत एएमपीके-अल्फा१ चा ब्लॉट लावा, आणि एसआयआरएनए किमान दोन वेगळे घ्या.