नव्या ऑफिसचे लॅन केबलिंग: कॅट-६ की कॅट-६ए? केबलच्या पेट्या किती?

नवखा_ॲडमिन
पुण्यात २००० चौ. फुटांचे भाड्याचे ऑफिस. २४ टेबले, २ वायफाय ॲक्सेस पॉइंट, ४ कॅमेरे, २ प्रिंटर, दारावर हजेरीचे यंत्र. कोटेशनमध्ये टेबलामागे एक पॉइंट (नेटवर्क केबल लावायचे ठिकाण), कॅट-६ केबल, १२ यू रॅक (सगळ्या केबली जिथे येतात ते कपाट; यू हे त्याच्या उंचीचे माप) आणि "केबल लागेल तशी" असे लिहिले आहे. त्याहून वरच्या दर्जाच्या कॅट-६ए चा आग्रह धरू का? दोन आठवड्यांत फॉल्स सीलिंग बंद होईल. त्याआधी काय तपासू?

रॅकवाला
"लागेल तशी" आधी खोडायला लावा. टेबलामागे दोन पॉइंट घ्या. नंतर एक वाढवायचा तर सीलिंग उघडावे लागते. मग टेबलांचे ४८, ॲक्सेस पॉइंटचे दोन-दोन म्हणजे ४, कॅमेरे ४, प्रिंटर २, हजेरी १. झाले ५९.

लांबी टेपने मोजा, नकाशावरून नको. रॅकमधून वर चढणे आणि भिंतीत खाली उतरणे नकाशात दिसत नाही. समजा सर्वांत लांबचा पॉइंट ३४ मीटर, जवळचा ८. सरासरी २१, वर १० टक्के, रॅकमागे ३ मीटर आणि पॉइंटपाशी वीतभर जादा. एका केबलीला २७ मीटर धरा. ३०५ मीटरच्या पेटीत असे ११ बसतात, म्हणजे ६ पेट्या. तळाशी उरलेला तुकडा जोड देऊन वापरू देऊ नका.

२४ पोर्टचे ३ पॅच पॅनल (केबलींची रॅकमधली टोके बसवायची पट्टी), प्रत्येकाखाली केबल मॅनेजर, दोन नेटवर्क स्विच, पॉवर पट्टी, राउटरचा ट्रे: इथेच १०-११ यू संपले. रॅक १५ यू घ्या.

धागेदोरे
कॅट-६ए ची गरज नाही. १ गिगाबिटचा वेग कॅट-६ वर पूर्ण १०० मीटर चालतो (९० मीटर भिंतीतली केबल, १० मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या पॅच कॉर्डची). १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत, केबलींचे गठ्ठे घट्ट असतील तर ३७. लांबचा पॉइंट ३४ मीटरच्या आसपास निघाला तर जादा केबल आणि पॅच कॉर्ड धरूनही ५५ च्या आत राहाल. कॅट-६ए जाड असते, वळत नाही, आणि पाइप ४० टक्क्यांहून जास्त भरायचा नसल्याने पाइपही मोठे लागतात. ॲक्सेस पॉइंटच्या चार केबली हव्या तर ६ए घ्या, बाकी पैसे खऱ्या तांब्यावर घाला.

कारण बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल कॅट-६ म्हणून सर्रास विकतात. ती जॅकमध्ये पंच केल्यावर (दाबून बसवल्यावर) काही महिन्यांत सैल पडते, दोनदा वाकवली की तुटते, आणि कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज दिली की जास्त तापते. पातीने तार खरवडा. आत पांढरी दिसली तर पेटी परत. पक्की खात्री हवी तर पेटी उघडून एकाच तारेच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावा. २३ गेज जाडीचे तांबे ३०५ मीटरला २०-२१ ओहम दाखवते, मुलाम्याची तार ३० च्या पुढे जाते.

पंच_डाउन
+१. आता तपासणी. आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर फक्त तार कुठून कुठे गेली ते सांगतो. कोणी जॅकच्या १-२, ३-४, ५-६, ७-८ क्रमांकांवर पिळाच्या जोड्या ओळीने सरळ लावल्या तरी आठही दिवे लागतात! पण ३ आणि ६ वर एकाच पिळाची जोडी हवी. ती फुटली की शेजारच्या जोडीच्या सिग्नलचा व्यत्यय आत शिरतो. दोन्ही टोकांना ५६८बी (तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम) लावा आणि जॅकपाशी पीळ १३ मिलिमीटरहून जास्त उलगडू देऊ नका. फ्लूक कंपनीचे असते तसे सर्टिफिकेशन यंत्र (केबलीचा दर्जा मोजणारे) भाड्याने आणून ५९ च्या ५९ पॉइंटचा रिपोर्ट मागा. शेवटचा हप्ता तो हातात आल्यावरच.

सीलिंग बंद होण्याआधी शिडीवर चढून पाहा: केबल सीलिंगच्या टाइल्सवर पडलेली नको, हुकांवर किंवा ट्रेमध्ये हवी. वळण २५ मिलिमीटर त्रिज्येहून आवळलेले नको. प्लॅस्टिकच्या टायऐवजी वेल्क्रो. क्रमांक दोन्ही टोकांना.

नवखा_ॲडमिन
आभार. इलेक्ट्रिशियन म्हणतो लाइटच्याच पाइपमधून ओढतो, खर्च वाचेल.

रॅकवाला
मुळीच नको. पाइप वेगळा, समांतर धावताना फूटभर अंतर, ओलांडायचेच तर काटकोनात.