लंडनची सीनरी: फुकटची फोटोग्रामेट्री आली म्हणून विकतचा पॅक टाकाऊ झाला का?

नदीवरून_उडणारा

फ्लाइट सिम्युलेटरच्या कुठल्याही गटात नव्या माणसानं "लंडनसाठी कोणती सीनरी घेऊ?" असं विचारलं (सीनरी म्हणजे सिममध्ये खाली दिसणारी जमीन आणि शहर) की उत्तर ठरलेलं असतं: "फुकट मिळतंय ना, मग पैसे कशाला घालवतोस?" मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आधी थोडं मागचं. मायक्रोसॉफ्टचा सिम ऑगस्ट २०२० मध्ये आला तेव्हा त्यातलं लंडन बघवत नव्हतं. जमिनीवर हवाई छायाचित्रं अंथरलेली आणि त्यांवर संगणकानं आपल्या अंदाजानं इमारती उभ्या केलेल्या. बकिंगहॅम पॅलेसच्या जागी चक्क ऑफिसची इमारत होती! ऑर्बिक्स या सीनरी बनवणाऱ्या कंपनीनं त्याच सुमारास लंडनमधल्या ठळक वास्तूंचा, हातानं मॉडेल केलेला विकतचा पॅक काढला. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये युके-आयर्लंडचा वर्ल्ड अपडेट फुकट आला आणि त्यासोबत लंडनची फोटोग्रामेट्री, म्हणजे खऱ्या फोटोंवरून संगणकानं घडवलेलं त्रिमितीय शहर. तेव्हापासून विकतच्या पॅकला लोक नावं ठेवायला लागले.

आता फोटोग्रामेट्री होते कशी ते बघा. विमानातून एकाच जागेचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढतात. एकच बिंदू अनेक फोटोंत कुठे कुठे दिसतो यावरून सॉफ्टवेअर त्याची जागा आणि उंची काढतं. विटांच्या भिंतीवर हे उत्तम जमतं. काचेवर जमत नाही, कारण प्रत्येक फोटोत प्रतिबिंब वेगळं पडतं. म्हणून काचेचे टॉवर पोचे आल्यासारखे दिसतात. तारा, कठडे, क्रेनचे हात अशा बारीक गोष्टी तर निसटतातच. आणि वरून काढलेल्या फोटोला पुलाच्या खालचं काही दिसत नाही.

हा शेवटचा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे. एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरला लंडनवरून मन मानेल तसं जाता येत नाही. मार्ग ठरलेले आहेत आणि त्यातला एच-४ शहराच्या पोटातून थेम्सच्या पात्रावरून जातो. इंजिन बंद पडलंच तर खाली माणसं नसावीत, पाणी असावं, हा त्यामागचा विचार. नोव्हेंबर २०२२ मध्ये सिममध्ये हेलिकॉप्टरं आली तेव्हापासून मी कॅब्री हे छोटं हेलिकॉप्टर घेऊन हाच मार्ग उडतो. हजारेक फुटांवरून बॅटरसीकडून पूर्वेला निघालं की एकामागून एक पूल येतात. फोटोग्रामेट्रीतल्या पुलाच्या कमानी बुजलेल्या असतात. रस्त्याच्या कडेपासून पाण्यापर्यंत सरळ भिंत, तिच्यावर ओघळल्यासारखे रंग, शेजारी पाण्यात रुतलेली एखादी बोट, काठावरच्या झाडांचे हिरवे गोळे. हातानं केलेल्या मॉडेलमध्ये कमानीतून पलीकडचं पाणी दिसतं, कठड्याची सावली पाण्यावर पडते. ज्याला नदीवरून उडायचं आहे त्याला 'फुकट आहे ना' हे उत्तर देणं म्हणजे त्याची दिशाभूल आहे.

ओव्हलचा_प्रेक्षक

पूर्ण असहमत. तुम्ही शहर म्हणताय आणि दाखवताय फक्त त्याच्या पोस्टकार्डावरच्या वास्तू.

मी दक्षिण लंडनमध्ये राहतो. हीथ्रोला पश्चिमेकडे तोंड करून उतरणारी विमानं शहरावरून येतात. तीन अंशांच्या उताराचा हिशोब केला तर बॅटरसीच्या आसपास विमान तीन हजार फुटांच्या थोडं वर असतं. तिथून खाली काय दिसतं? बिग बेन नाही. दिसतात मैलोन्‌मैल पसरलेल्या एकमेकींना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगा, प्रत्येक घराची धुराडी, मागची चिंचोळी बाग, मध्येच युद्धात बाँब पडून मोकळ्या झालेल्या जागेवर नंतर उभा राहिलेला सरकारी घरांचा ठोकळा, आणि या सगळ्याला चिरत व्हिक्टोरिया आणि वॉटरलूकडे जाणारे रेल्वेचे उंच कट्टे. लंडन हे आहे. फोटोग्रामेट्री मला माझी गल्ली दाखवते. विकतच्या पॅकमधला मॉडेल-कारागीर माझ्या गल्लीत कधीच येणार नाही, कारण तिचे पैसे कोण देणार?

सिममध्ये मी पहिल्यांदा शोधलं ते ओव्हल. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघानं इंग्लंडमधली आपली पहिली कसोटी जिथे जिंकली ते मैदान. ते नुसतं हिरवं वर्तुळ नाही. शेजारी जुन्या गॅसच्या टाकीचा लोखंडी सांगाडा, भोवती फ्लॅटच्या इमारती, बाजूचा वळणारा रस्ता. सांगाड्याची जाळी नीट येत नाही, मान्य. पण मैदान त्याच्या मोहल्ल्यासकट मिळालं, आणि माझ्यासाठी त्या जाळीपेक्षा मोहल्ला मोठा.

तालुक्याचा_पायलट

दोघांचंही बोलणं इंटरनेट फुकट आणि अखंड मिळतं असं धरून चाललंय. मायक्रोसॉफ्टनंच २०२० च्या सिमच्या उत्तम अनुभवासाठी ५० एमबीपीएस सांगितलंय, शिफारस २० ची. आमच्याकडे संध्याकाळी सात वाजले की नेट मान टाकतं आणि तुमची ती फोटोग्रामेट्री चिखलाच्या ढिगाऱ्यासारखी दिसायला लागते. जवळ जाईपर्यंत डेटा येत नाही, आणि येतो तोवर इमारत मागे पडलेली असते.

मी एक्स-प्लेन या दुसऱ्या सिमवर आहे. त्यासाठी सिमहेवनची एक्स-युरोप ही सीनरी फुकट आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावरून ती इमारतींचे खरे आराखडे आणि जिथे नोंद आहे तिथे खरी उंची घेते. त्याखाली ऑर्थोफोरएक्सपी या प्रोग्रॅमनं स्वतःच्या टाइल्स, म्हणजे जमिनीच्या हवाई फोटोंचे तुकडे, बनवायच्या. झूम लेव्हल (फोटोच्या बारकाव्याची पातळी) १६ ला लंडनच्या अक्षांशावर एक पिक्सेल साधारण दीड मीटरचा पडतो, १७ ला त्याच्या निम्मा, पण डिस्कवर जागा चौपट जाते. मी आसपासच्या काउंटी १६ वर आणि फक्त शहर १७ वर ठेवलंय. एकदा रात्रभर डाउनलोड केलं की नंतर केबल उपटून ठेवली तरी चालतं. सीनरी आपल्या डिस्कवर, आपल्या मालकीची. कंपनीनं उद्या सर्व्हर बंद केला तर तुमच्या लंडनचं काय होणार, याचं उत्तर द्या.

ओव्हलचा_प्रेक्षक

@तालुक्याचा_पायलट, मालकीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ओपनस्ट्रीटमॅपच्या खऱ्या उंचीवर फार विसंबू नका. मेलबर्नमध्ये एका इमारतीला कुणीतरी २ च्या जागी २१२ मजले टाकले आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये बैठ्या घरांच्या उपनगरात आभाळाला भिडणारा सुळका उभा राहिला. शिवाय तुमच्याकडे आराखडा खरा असला तरी भिंत कुठली? भांडारातली तयार. ब्रिक्स्टनच्या घराला जर्मनीतल्या घराचा दर्शनी भाग लागला तर ते लंडन कसं?

तालुक्याचा_पायलट

ती चूक ज्या नकाशात झाली तो नकाशा कुणीही दुरुस्त करू शकतो, आणि मेलबर्नची चूक दुरुस्त झालीही. फोटोग्रामेट्रीत तुमच्या गल्लीतलं घर वितळलेलं आलं तर तुम्ही काय करणार? पुढचं विमान फोटो काढायला येईपर्यंत वाट बघणार. मी आमच्या भागातल्या इमारती स्वतः नकाशावर चढवल्यात, आणि सीनरीची पुढची आवृत्ती आली तेव्हा त्या सिममध्ये बघितल्या. हे समाधान विकत मिळत नाही आणि स्ट्रीमही होत नाही.

रात्रपाळी

रात्रीचं कुणीच बोललं नाही. फोटोग्रामेट्रीचे सगळे फोटो दिवसाचे. खिडक्या म्हणजे फोटोतले रंगाचे डाग, त्या एकेक करून उजळत नाहीत, आणि दुपारच्या उन्हाच्या सावल्या भिंतींवर छापलेल्या राहतात. हातानं केलेल्या मॉडेलला रात्रीचं वेगळं टेक्श्चर असतं. मी कामावरून आल्यावर रात्रीच उडतो, त्यामुळे माझं मत विकतच्या पॅकला.

साडेपाच_अंश

मी लंडन सिटीवर उतरणाऱ्यांपैकी. धावपट्टी १,५०८ मीटर, उतार नेहमीच्या ३ अंशांऐवजी ५.५ अंश. पश्चिमेकडून धावपट्टी ०९ वर येताना कॅनरी व्हार्फचे टॉवर उजव्या हाताला अगदी जवळ. त्यातला वन कॅनडा स्क्वेअर २३५ मीटरचा. इथे विमान नाकावर सोडल्यासारखं खाली येतं, फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलायला) वेळ कमी मिळतो. अशा वेळी स्क्रीन अर्धा सेकंद जरी अडखळली तरी लँडिंग गेलं.

म्हणून माझं मत तुम्हा दोघांच्या विरोधात. मी सेटिंगमध्ये जाऊन फोटोग्रामेट्री बंदच ठेवतो. विमानतळ चांगला विकत घेतलाय, कॅनरी व्हार्फचे चार-सहा टॉवर नीट हवेत, बाकी शहर संगणकानं काहीही उभं करू दे. उतरताना मी पापीचे (उतार बरोबर आहे का ते दाखवणारे धावपट्टीशेजारचे) दिवे बघतो, गल्ली बघत नाही. सीनरीची तुलना करताना सगळे स्क्रीनशॉट लावतात. स्क्रीनशॉटमध्ये अडखळणं दिसत नाही.

नदीवरून_उडणारा

@ओव्हलचा_प्रेक्षक, गल्लीचं तुम्ही लिहिलंत ते मनापासून आवडलं, पण तुमची गल्ली तुम्ही तीन हजार फुटांवरून बघताय. तिथून मलाही फोटोग्रामेट्रीच हवी. माझा दावा खालच्या उंचीपुरता आहे. हजार फुटांखाली याल तर तुमचीच धुराडी भिंतीत विरघळलेली दिसतील आणि अंगणातलं झाड घराला चिकटलेलं.

@साडेपाच_अंश, हेलिकॉप्टरवाल्याला सगळं शहर हवं असतं, त्याचं काम चार-सहा टॉवरांवर भागत नाही. बाकी अडखळण्याचा मुद्दा बरोबर.

@तालुक्याचा_पायलट, मालकीच्या बाबतीत मी तुमच्या बाजूनं आहे. विकतचा पॅकसुद्धा डिस्कवरच उतरतो, हे त्याच्या बाजूनं आणखी एक. नेट गेलं तरी माझे पूल जागेवर राहतात.

ओव्हलचा_प्रेक्षक

तुमचे पूल राहतील, पण ते जोडतील कशाला? हातानं केलेलं मॉडेल बसवायचं तर त्याच्या खालची फोटोग्रामेट्री कापावी लागते. ती कापाकापी जिथे सैल होते तिथे वास्तूभोवती सपाट जमिनीचा पट्टा राहतो, फुटपाथवरची झाडं अर्धी कापली जातात, आणि चकचकीत वास्तू शेजारच्या मळकट घरांत परक्यासारखी उभी राहते. मला हे बुजलेल्या कमानीपेक्षा जास्त खुपतं. वाईट तर वाईट, पण सगळं शहर एका उजेडात काढलेलं असावं.

नवा_भिडू

मी नुकताच सिम घेतलाय. सेस्ना १७२ उडवतो, नेट ४० एमबीपीएस, ग्राफिक कार्ड मध्यम. बहीण लंडनला असते, तिचं घर बघायचंय. काय करू?

ओव्हलचा_प्रेक्षक

काहीही विकत घेऊ नकोस. युके-आयर्लंडचा वर्ल्ड अपडेट उतरव, जनरल ऑप्शन्समध्ये डेटाखाली फोटोग्रामेट्री चालू आहे ना ते बघ, रोलिंग कॅशला (नेटवरून आलेला डेटा डिस्कवर साठतो तिथे) भरपूर जागा दे. दोन हजार फुटांवर राहा आणि घराला गोल फेरी मार. पहिल्या फेरीत इमारती अर्धवट दिसतील, दुसऱ्या फेरीपर्यंत भरतात.

नदीवरून_उडणारा

बहिणीच्या घरासाठी हेच कर, माझीही हरकत नाही. नंतर कधी हेलिकॉप्टर शिकलास आणि नदीवरून खाली उडायला लागलास तर मात्र पॅक घे, आणि फोटोग्रामेट्री चालू-बंद दोन्ही करून तोच पूल बघ. ओव्हलवाल्यांनीही एकदा बघावा. वेस्टमिन्स्टरपासून सुरू करा, पूर्वेकडे, पाण्याच्या मधोमध.

ओव्हलचा_प्रेक्षक

बघतो. पण तुम्हीही एकदा नदी सोडून दक्षिणेला वळा, क्लॅपहॅम जंक्शनच्या रुळांवरून. तिथे तुमच्या पॅकमधलं काय दिसतं ते इथे येऊन सांगा.