मराठी लेआउट कोणी लोड करायचा: विंडो सिस्टमने की इनपुट मेथडने?

मूळ धागा: टंकवेडा

लिनक्सवर मराठी लिहायचं म्हटलं की 'आयबस टाका' हा सल्ला ठरलेला. आयबस म्हणजे कीबोर्ड आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसून अक्षरं जुळवणारी इनपुट मेथड. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण लेआउट (कोणत्या कळीवर कोणतं अक्षर याचा नकाशा), येणाऱ्याला तिची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. लेआउट विंडो सिस्टमनेच (पडद्यावरच्या खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या एक्स११ किंवा वेलँडने) लोड करावा, लॉगिन स्क्रीनपासून.

एक्सकेबी या विंडो सिस्टमच्या कीबोर्ड यंत्रणेत लेआउट म्हणजे साधी मजकुराची फाईल. भारतीय भाषांचे लेआउट 'इन' नावाच्या फायलीत आहेत: देवनागरी, बोलनागरी, मराठी कगप वगैरे. कळ ओळखायची ती तिच्या जागेवरून. एसी०७ म्हणजे स्पेसबारची रांग धरून खालून तिसऱ्या रांगेतली सातवी कळ, म्हणजे जे. पुढे लिहिलेलं असतं की नुसती दाबली तर र, शिफ्टसह ऱ. 'कुऱ्हाड'मधला ऱ्ह हवा असेल तर शिफ्ट-जे, डी (हलन्त), यू (ह). मध्ये शब्द सुचवणारी खिडकी नाही, पार्श्वभूमीला चालणारा वेगळा प्रोग्राम नाही. टर्मिनल असो वा ब्राउझर, बोटांना तोच अनुभव. सेटएक्सकेबीमॅप या कमांडला दोन लेआउट आणि अदलाबदलीची कळ सांगितली की काम झालं.

प्रतिसाद: जोडाक्षर

साफ असहमत. प्रमाण इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष आणि ८ वर श्र आहे. ते तुमच्या फायलीत बसवून दाखवा. एक्स११मध्ये एका कळीच्या एका पातळीवर (नुसती किंवा शिफ्टसह) एकच चिन्ह मावतं, आणि क्ष हा युनिकोडमध्ये क, हलन्त आणि ष असा तिघांचा मिळून बनतो. म्हणजे जो लेआउट १९८६ पासून प्रमाण म्हणून चालत आला, तो तुमची विंडो सिस्टम पुरा लोडच करू शकत नाही. इनपुट मेथड ही तीन चिन्हं एका दाबात देते. ज्याने शिकताना क्ष एका कळीवर शिकला, त्याची बोटं बदलायला कशाला लावायची?

प्रतिसाद: टंकवेडा

के, डी, शिफ्ट-स्वल्पविराम. तीन दाब, झाला क्ष. 'क्ष्म' किंवा 'क्ष्य' लिहिताना पुढे डी लागतोच. चार कळींसाठी दिवसभर एक थर मध्ये घालावा, हे मला पटत नाही.

प्रतिसाद: खिडकीतला माणूस

तुमचं भांडण कळींवर चाललंय. माझा आक्षेप लोड करण्याच्या पद्धतीवर आहे, आणि तो टंकवेडा यांच्या मूळ धाग्यातल्या शेवटच्या, सेटएक्सकेबीमॅपच्या वाक्याला आहे.

एक्स११मध्ये सर्व्हर स्वतः ही फाईल वाचत नाही. तो एक्सकेबीकॉम्प हा वेगळा प्रोग्राम चालवतो आणि त्याने बनवलेला नकाशा उचलतो. सेटएक्सकेबीमॅपने केलेला बदल त्या वेळी जोडलेल्या कीबोर्डांपुरता. यूएसबी कीबोर्ड काढून परत लावला की मूळ लेआउट हजर! शिवाय फायली सिस्टमच्या फोल्डरात. तिथे कोणी ॲसाठी कळ बदलली, तर पॅकेजच्या पुढच्या अपडेटला ती पुसली जाते.

वेलँडमध्ये चित्र वेगळं आहे. कंपोझिटर (वेलँडमध्ये पडदा सांभाळणारा प्रोग्राम) लिबएक्सकेबीकॉमन या लायब्ररीकडून नकाशा तयार करून घेतो आणि प्रत्येक प्रोग्रामच्या हाती पूर्ण मजकूर देतो. तिथे सेटएक्सकेबीमॅप चालवलात तर जुन्या एक्स प्रोग्रामांपलीकडे काही हलत नाही. पण २०२० मधल्या १.० आवृत्तीपासून ही लायब्ररी घरच्या कॉन्फिग फोल्डरातलं एक्सकेबी फोल्डरही वाचते. रूट (प्रशासकाची) परवानगी लागत नाही. आपल्या फायलीत आधी देवनागरी विभाग 'इन्क्लूड' करायचा आणि खाली फक्त बदललेली कळ लिहायची. मराठी माणसाला देवनागरी लेआउटवर ॲ बसवायचा असेल, तर मला याहून चांगली सोय माहीत नाही.

प्रतिसाद: जोडाक्षर

सोय चांगली आहे, मान्य. पण त्याच लायब्ररीत एका कळीवर अनेक चिन्हं लिहायचीही सोय आहे, आणि बरेच प्रोग्राम तिच्याकडून एकच चिन्ह मागून घेतात. म्हणजे क्ष पुन्हा दारातच. आणि घरच्या फोल्डरातली फाईल लॉगिन स्क्रीनला दिसत नाही, कारण ती वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते. 'लॉगिनपासून' हा मूळ मुद्दा तिथेच पडतो.

प्रतिसाद: टंकवेडा

लॉगिनचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच ॲ घरच्या फायलीत ठेवून भागणार नाही. तो 'इन' फायलीच्या मराठी विभागात, मूळ प्रकल्पातच नीट असायला हवा. मग लिनक्सच्या प्रत्येक वितरणात तो आपोआप पोचतो. क्षसाठी ज्याला इनपुट मेथड हवी त्याने ती वर जोडावी. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये लेआउट आणि इनपुट मेथड दोन्ही एकाच यादीत दिसतात. पण नव्या माणसाला पहिला सल्ला 'आयबस टाका' हा नको, एवढ्यावर मी ठाम आहे.

प्रतिसाद: जोडाक्षर

नव्या माणसाचं पहिलं नाव ज्ञानेश्वर असेल आणि शिफ्ट-५ दाबल्यावर ज्ञ आला नाही, तर तो इंग्रजीतच लिहायला लागेल. मी पहिला सल्ला बदलणार नाही.