अंगठा लावला तर शिल्लक शून्य, पैसे गेले कुठे?

पाटीलवाडी_१२: गावात बँकेची शाखा नाही, बँक मित्राकडे (बँकेने नेमलेल्या माणसाकडे) मशीनवर अंगठा लावूनच पैसे काढावे लागतात. शेजारच्या आजींचे निराधारचे पैसे जमा झाले असं तहसीलमध्ये सांगतात, पण मशीनवर शिल्लक शून्य. खाती दोन आहेत, एक जिल्हा बँकेत आणि एक जनधनचं. त्यात बोटही नीट जुळत नाही. काय करावं?

हिशेबनीस: बँक मित्राने यादीतून कोणती बँक निवडली ते आधी विचारा. बहुतेक तिथेच घोळ असतो. आधारला शेवटचं सीडिंग (सरकारी पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याची नोंद) ज्या बँकेत झालं, सरकारी पैसे तिथेच पडतात. काढताना दुसरी बँक निवडली तर त्या दुसऱ्या खात्याची शिल्लक दिसणार. माय आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव कळतं, पण ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. आणि खातं आधारशी लिंक असणं वेगळं, सरकारी पैशांसाठी सीडिंग असणं वेगळं. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा संमती अर्ज द्या.

सुताराचा_मुलगा: बोटाचं म्हणाल तर एरर कोड बघा. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक आहे, म्हणजे आधारवर बोटांचे ठसे वापरणं बंद करून ठेवलंय, मग कितीही वेळा बोट लावा, उपयोग शून्य. आधी अनलॉक करा. ३०० असेल तर मशीनची काच पुसा, आजींचे हात धुऊन कोरडे करा, दुसरी बोटं लावून बघा. खुरपं धरून अंगठा झिजतो, अनामिका बऱ्याचदा चालते. तरीही नाही जमलं तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट.

पाटीलवाडी_१२: एकदा पैसे कटले, पण मशीनवर ‘फेल’ आलं आणि हातात काही मिळालं नाही. आता?

हिशेबनीस: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. फेलची पावती मागून घ्या, पासबुक भरून घ्या आणि ज्या बँकेत खातं आहे तिथे लेखी तक्रार द्या, बँक मित्राकडे तोंडी नको. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. आणि पैसे काढून दिले म्हणून बँक मित्राला वरचे दहा-वीस देऊ नका. त्याचं कमिशन बँक देते.

सुताराचा_मुलगा: बँक मित्र ‘बोट जुळलं नाही, परत लावा’ म्हणाला तर आधी मागच्या वेळची पावती घ्या, मगच बोट लावू द्या.