अनेक दशके अनोळखी राहिलेल्या मृतदेहाला नाव नेमके कसे मिळते?

उत्तरायण:

ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या सोमर्टन किनाऱ्यावर १ डिसेंबर १९४८ रोजी मृतावस्थेत सापडलेला अनोळखी पुरुष म्हणजे कार्ल वेब, असा निष्कर्ष ॲडलेड विद्यापीठातील प्राध्यापक डेरेक ॲबट आणि अमेरिकी वंशावळ-संशोधक कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी जुलै २०२२ मध्ये जाहीर केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी, १९५७ साली पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडलेल्या एका लहान मुलाचे नाव जाहीर केले. त्याच्या थडग्यावर इतकी वर्षे नाव नव्हते, हे वाचून मन फार अस्वस्थ झाले आणि तेव्हापासून एक शंका मनात आहे.

डीएनएवरून ओळख पटवायची तर तुलनेसाठी दुसरा नमुना लागतो, अशी माझी समजूत आहे. ज्या व्यक्तीबद्दल कोणी हरवल्याची तक्रारच नोंदवलेली नाही, जिचे आईवडील कधीच निवर्तले आहेत, तिचा डीएनए जुळवायचा कोणाशी? आणि एखादा फार लांबचा नातलग सापडला, तरी त्याच्यापासून नेमक्या एका माणसापर्यंत कसे पोहोचतात? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

वंशवेल:

आपली समजूत पोलिसांच्या नेहमीच्या पद्धतीपुरती बरोबर आहे. त्या पद्धतीत डीएनएमधील मोजक्याच जागा तपासतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए संग्रहात २०१७ पासून अशा २० जागा प्रमाण मानल्या जातात. नमुना त्याच व्यक्तीचा आहे का, किंवा दोन व्यक्ती आईवडील-मूल अशा नात्याच्या आहेत का, हे ठरवायला तेवढ्या जागा पुरतात. परंतु लांबच्या नातलगाची चाहूल त्यांवरून लागत नाही. वंशावळीच्या शोधात मात्र लाखो ठिकाणची, डीएनएच्या एकेका अक्षराची भिन्नता वाचली जाते आणि दोन व्यक्तींमध्ये गुणसूत्रांचे किती लांबीचे तुकडे समान आहेत, हे सेंटिमॉर्गन या एककात मोजले जाते. चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडांत ही बेरीज सरासरी ८५० च्या आसपास असते. पणजोबा-पणजी समान असतील तर सुमारे २३०, आणि खापरपणजोबा-खापरपणजी समान असतील तर ७० ते ७५. या केवळ सरासऱ्या आहेत. एकच आकडा तीन-चार वेगवेगळ्या नात्यांत बसू शकतो, म्हणून आकड्यावरून नाते ठरत नाही, फक्त शक्यतांचा परीघ ठरतो.

तुलनेचा दुसरा नमुना येतो तो स्वतःच्या पूर्वजांच्या कुतूहलापोटी चाचणी करून घेतलेल्या सामान्य लोकांकडून. त्यांपैकी काहींनी आपली माहिती जेडमॅच किंवा फॅमिली ट्री डीएनए यांसारख्या संग्रहांत ठेवलेली असते आणि तपासासाठी तुलना करण्यास संमती दिलेली असते. अँसेस्ट्री आणि ट्वेंटीथ्री अँड मी या सर्वांत मोठ्या दोन संग्रहांमध्ये तपास यंत्रणांना असे नमुने घालू दिले जात नाहीत, त्यामुळे शोधासाठी उपलब्ध असलेला समूह लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान आहे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण खरे कष्ट तिथे आहेत. समजा, मृत व्यक्तीशी ७५ सेंटिमॉर्गन जुळणारी एक स्त्री यादीत आली. तिला खापरपणजोबा-खापरपणजींची आठ जोडपी असणार आणि त्यांपैकी एखादे जोडपे मृत व्यक्तीचेही पूर्वज असण्याचा संभव आहे. कोणते, हे मात्र ठाऊक नाही. म्हणून प्रथम तिची वंशावळ वरच्या दिशेने आठही जोडप्यांपर्यंत बांधावी लागते, आणि मग प्रत्येक जोडप्याची मुले, नातवंडे, पतवंडे अशी खाली आजपर्यंत आणावी लागते. एवढ्यानेच शेकडो नावे जमा होतात. मग यादीतला दुसरा नातलग घ्यायचा, जो मृताशी जुळतो परंतु पहिल्या स्त्रीशी जुळत नाही, म्हणजेच जो बहुधा मृताच्या दुसऱ्या बाजूचा आहे. त्याचेही झाड असेच वर आणि खाली बांधायचे. या दोन झाडांतल्या फांद्या एखाद्या विवाहात एकत्र येतात का, हे पाहणे हा या शोधाचा गाभा आहे. असा विवाह सापडला, तर मृत व्यक्ती त्या जोडप्याच्या अपत्यांपैकी किंवा त्यांच्या वंशजांपैकी असण्याची शक्यता एकदम वाढते.

हे सारे जनगणनेचे तक्ते, जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी, स्थलांतराचे कागद आणि वृत्तपत्रांतील निधनवार्ता यांच्या आधाराने चालते. निधनवार्तांचे महत्त्व मी विशेष मानतो, कारण त्यांत हयात मुलांची, सुनांची, जावयांची नावे असतात आणि हयात माणसे इतर जुन्या नोंदींत सहसा सापडत नाहीत. शेवटी एका घरातली चार-पाच भावंडे समोर राहतात. इतरांचे विवाह, पत्ते, मृत्यू नोंदींत सापडतात आणि एकाची नोंद कोणत्या तरी वर्षानंतर एकाएकी थांबते. कार्ल वेबचे असेच झाले. सुमारे चार हजार माणसांची वंशावळ बांधल्यावर संशोधकांना १९०५ साली मेलबर्नमध्ये जन्मलेला हा मनुष्य सापडला. त्याच्या मृत्यूची नोंद कुठेही नव्हती. त्यानंतर त्याच्या वडिलांकडच्या आणि आईकडच्या दोन्ही बाजूंच्या नातलगांचे डीएनए जुळवून पाहिले गेले.

फिलाडेल्फियाच्या मुलाबाबत डीएनए आणि वंशावळ यांनी आईच्या कुटुंबापर्यंत नेले. पुढे जन्माच्या नोंदी मिळवण्यासाठी न्यायालयाचा आदेश घ्यावा लागला आणि त्या नोंदींमधून मुलाचे नाव हाती आले. प्रयोगशाळेने थेट नाव सांगितले, असे यांपैकी कोणत्याच प्रकरणात घडलेले नाही, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो, कारण बातम्यांतून नेमका उलटा समज होतो.

सूक्ष्मदर्शी:

वरील विवेचन उत्तम आहे. प्रयोगशाळेच्या बाजूने थोडी भर घालतो.

जुन्या हाडांतून मिळणाऱ्या डीएनएपैकी बहुतांश डीएनए त्या माणसाचा नसतोच. तो मातीतल्या जिवाणूंचा आणि बुरशीचा असतो. माणसाचा जो अंश उरतो, तो उष्णता, ओलावा आणि काळ यांमुळे अतिशय लहान तुकड्यांत विखुरलेला असतो. मृतदेह टिकवण्यासाठी फॉर्मल्डिहाइड वापरले गेले असेल, तर काम आणखी अवघड होते. दात आणि कानाच्या आतल्या भागाभोवतीचे अत्यंत घट्ट हाड यांत डीएनए तुलनेने चांगला टिकतो, म्हणून प्रथम त्यांचाच विचार होतो. घरगुती चाचणीसाठी वापरली जाणारी, ठरावीक जागांची अक्षरे वाचणारी चकती (चिप) अशा नमुन्यावर बहुधा निरुपयोगी ठरते. त्याऐवजी मिळतील ते सर्व तुकडे वाचून, संगणकाच्या साहाय्याने त्यांची जागा ठरवून, वंशावळीच्या संग्रहाला चालेल अशी माहिती तयार करावी लागते. यातले कित्येक तंत्र हजारो वर्षांपूर्वीच्या मानवी अवशेषांचा अभ्यास करणाऱ्यांकडून आलेले आहे.

सोमर्टनच्या बाबतीत मे २०२१ मध्ये थडगे उघडून अवशेष बाहेर काढण्यात आले होते. पण ॲबट-फिट्झपॅट्रिक यांचा निष्कर्ष त्या अवशेषांवर नव्हे, तर पोलिसांनी त्या काळी करून घेतलेल्या प्लास्टरच्या मुखवट्यात अडकून राहिलेल्या केसांवर आधारलेला होता. याउलट, ओहायोमध्ये एप्रिल १९८१ मध्ये सापडलेल्या आणि ‘बकस्किन गर्ल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुणीच्या रक्ताचा नमुना जपून ठेवलेला होता. एप्रिल २०१८ मध्ये तिची ओळख पटली आणि जवळचे नाते सापडल्यामुळे वंशावळीचे काम काही तासांत संपले. नमुना जतन करणाऱ्या त्या अज्ञात कर्मचाऱ्याचे ऋण मोठे आहे. त्या वेळी या पद्धतीची कल्पनाही कोणाला नव्हती.

उत्तरायण:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. यातून आणखी दोन शंका उद्भवतात. कागदोपत्री वडील आणि जन्मदाते वडील वेगळे असतील, किंवा मूल दत्तक गेलेले असेल, तर झाड चुकणार नाही का? आणि ज्यांचे नाव असे शोधून काढले जाते, त्यांच्या कुटुंबाची इच्छा विचारात घेतली जाते का?

वंशवेल:

पहिल्या शंकेला इतिहासातच चांगले उदाहरण आहे. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली मारला गेला आणि त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर येथे वाहनतळाखाली सापडला. तिथे शोधाची दिशा उलटी होती: व्यक्ती कोण असावी याचा अंदाज आधी होता, आणि तिच्या बहिणीच्या स्त्रीवंशातून खाली येत आजचे वंशज शोधण्यात आले. आईकडून मुलांकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जुळला. परंतु कागदांनुसार पुरुषवंशातून नाते असलेल्यांचे, वडिलांकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र जुळले नाही. म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठेतरी नोंदवलेला पिता हा जन्मदाता नव्हता. राजघराण्यांच्या काटेकोर वंशावळीत हे घडते, तर इतरत्र ते गृहीतच धरावे लागते. त्यामुळे अनुभवी संशोधक एका जुळणीवर कधीही विसंबत नाहीत. प्रत्येक फांदीला स्वतंत्र नातलगाच्या डीएनएचा आधार मिळतो का, हे ते पाहतात. आणि दत्तक गेलेल्या व्यक्तीच्या बाबतीत डीएनए जन्मदात्या घराकडे नेतो, तर हरवल्याचे दुःख दत्तक घराकडे असते, हे ते ध्यानात ठेवतात.

झाड बांधण्यातली आणखी एक अडचण याहून मोठी आहे. ज्या समाजांत पिढ्यानपिढ्या आपसांतच विवाह होतात, तिथे दोन व्यक्ती अनेक मार्गांनी नातलग असतात, समान तुकड्यांची बेरीज फुगते आणि फार लांबचा नातलग जवळचा भासतो. त्यातच सध्याच्या संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण फार जास्त आहे. इतर समाजांतील मृतांची ओळख पटण्याची शक्यता त्यामुळे कमी राहते. हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि केवळ तंत्र सुधारून तो दूर होणार नाही.

सावली:

कुटुंबाच्या इच्छेबद्दल लिहिते.

२००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका मोटेलमध्ये मृतावस्थेत सापडलेल्या तरुणाने नोंदवहीत ‘लाइल स्टेविक’ हे खोटे नाव लिहिले होते. डीएनए डो प्रोजेक्ट या स्वयंसेवी संस्थेने २०१८ मध्ये त्याची ओळख पटवली. कुटुंबाने खरे नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली आणि अधिकाऱ्यांनी ती मान्य केली. आपला माणूस कुठेतरी सुखात असेल, फक्त आपल्याशी संबंध ठेवू इच्छित नसेल, असे त्या कुटुंबाला वाटत होते. एवढ्या वर्षांनी आलेल्या अशा निरोपाने घरच्यांचे काय होत असेल, याचा विचार जिज्ञासेच्या आधी व्हायला हवा. नाव जाहीर करण्याचा निर्णय कुटुंब आणि तपास यंत्रणा यांचाच असावा. संशोधकांनी स्वतःहून नातलगांना गाठणे मला गैर वाटते.

संमतीचा प्रश्नही याला जोडलेला आहे. एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका जुन्या मालिका-हत्याकांडातील संशयित जेडमॅचच्या आधारे पकडला गेला, तेव्हा असंख्य सदस्यांना आपली माहिती अशी वापरली जाते हे प्रथमच कळले. मे २०१९ मध्ये त्या संग्रहाने धोरण बदलले आणि पोलीस तपासासाठी स्पष्ट संमती आवश्यक केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या न्याय विभागाने अंतरिम नियम केले. त्यांनुसार वंशावळीतून मिळालेले नाव हा केवळ तपासाचा धागा मानला जातो आणि अंतिम पडताळणी नेहमीच्या डीएनए चाचणीनेच करावी लागते. आपल्या मूळ प्रश्नातील दुसरा नमुना इथे लागतो: संभाव्य भावंडाचा, अपत्याचा किंवा अन्य निकटच्या नातलगाचा.

ज्यांच्या घरातील माणूस हरवलेला आहे, त्यांच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगते. आईवडील, मुले किंवा सख्खी भावंडे यांनी अधिकृत यंत्रणेकडे आपला नमुना देणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. बोस्नियातील स्रेब्रेनिकाच्या १९९५ मधील हत्याकांडातील सुमारे आठ हजार बेपत्तांपैकी जवळजवळ सात हजारांची ओळख प्रामुख्याने नातलगांनी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांमुळेच पटू शकली. इतके निकटचे कोणी उरले नसेल, तर हयात नातलगांपैकी सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीचा नमुना, तिची संमती असेल तर, आधी घ्यावा. पुढच्या प्रत्येक पिढीत समान डीएनए साधारण निम्म्याने घटतो, आणि त्या व्यक्तीच्या पश्चात तो नमुना पुन्हा मिळत नाही.